रॅक उभारण्याआधी: कातकरी आणि कोळी बायांसोबत कालवे-शिणाण्यांची शेती

अमावास्येच्या आसपास मोठी सुकती लागली की रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंत खाड्यांचा तळ उघडा पडतो आणि त्यावर वाकलेल्या बायका दिसू लागतात. कुणी कातळाला चिकटलेली कालवे कोयतीने फोडते, कुणी वाळूत बोटे घालून तिसऱ्या, म्हणजे वाळूतले शिंपले, काढते, कुणी बिळात सळई घालून खेकडा ओढते. दोन-अडीच तासांत भरती फिरते, टोपल्या डोक्यावर चढतात आणि दुपारी त्यातले बरेचसे नाक्यावर वाटे लावून विकले जाते.

शिंपलेशेतीचा प्रकल्प आणणारा माणूस बहुतेक वेळा या बायकांना पाहतच नाही. तो येतो बांबूच्या रॅकचा, म्हणजे खाडीत खुंट रोवून शिंपल्यांचे दोर टांगायच्या मांडणीचा, आराखडा घेऊन आणि विचारतो, 'लाभार्थी किती?' मग गावात ज्यांचे कागद तयार असतात त्यांचा गट होतो आणि पिढ्यान्पिढ्या त्या चिखलात उभ्या असणाऱ्या कातकरी बाईला एक दिवस कळते की तिच्या जागेत आता दुसऱ्याचे खुंट आहेत. हा लेख उलट क्रमाने जातो: आधी खाडीत कोण आहे ते, मग पाणी, मग कागद, आणि रॅक त्यानंतर.

पायरी 1: खाडीचा नकाशा वेचणाऱ्यांकडून काढून घ्या

किनाऱ्याचे मूळ रहिवासी म्हटले की एकच समाज डोळ्यांसमोर आणू नका. कातकरी ही अनुसूचित जमात, त्यातही केंद्र सरकारच्या यादीत विशेष असुरक्षित गटात मोडणारी. रायगड-ठाण्यात त्यांच्या वाड्या बहुधा गावाबाहेर, दुसऱ्याच्या जमिनीवर. पालघरकडचे मल्हार कोळीही अनुसूचित जमातीत येतात. सोनकोळी त्या यादीत नाहीत, पण किनाऱ्याशी त्यांचे नाते कुणापेक्षा कमी नाही. दक्षिणेला गाबीत आणि भंडारी आहेत. एकाच खाडीत हे सगळे येतात, वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या जागी, आणि त्यांच्यात सगळे गोडीगुलाबीचे असते असेही नाही.

म्हणून निदान दोन अमावास्या आणि दोन पौर्णिमा त्यांच्याबरोबर चिखलात उतरा. भरतीची वेळ काढायला तिथीची पाऊणपट हा जुना हिशेब मुंबईच्या आसपास अजून चालतो: अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती आणि बाराच्या आसपास सुकती. दक्षिणेकडे जावे तशी वेळ थोडी अलीकडे येते; तिथल्या मावश्या तुम्हाला बरोबर सांगतील. भांगाच्या, म्हणजे लहान भरती-ओहोटीच्या, दिवसांत पाणी फारसे हटत नाही, त्या दिवसांत वाडीवर बसून बोला.

नकाशा कागदावर नको, जुन्या चादरीवर काढा आणि तो काढायला वेचणाऱ्यांनाच सांगा. खडकांना, वळणांना, वाळूच्या पट्ट्यांना त्यांची नावे असतात, तीच लिहा. त्यावर पाच गोष्टी हव्यात: वेचायच्या जागा, डोल आणि इतर जाळ्यांचे खुंट, होड्यांची वाट, कांदळवनाची (खारफुटीची) हद्द आणि खाडीत पडणारे नाले. शेवटच्या गोष्टीबद्दल बायका आधी बोलत नाहीत. 'तिथली कालवे आम्ही घरी खात नाही' असे वाक्य आले की कान टवकारा. तिथे बहुधा एखादे गटार किंवा कारखान्याचे पाणी येत असते.

एक नियम इथेच ठरवा आणि ग्रामसभेत लिहून घ्या: ओहोटीला जिथे माणूस उभा राहून वेचतो तिथे रॅक नाही. शिणाण्यांच्या, म्हणजे हिरव्या कडांच्या लांबट शिंपल्यांच्या, बाबतीत हे सोपे जाते, कारण त्यांच्या रॅकला सुकतीतही दीड-दोन मीटर पाणी लागते आणि तिथे वेचायला कुणी उतरत नाही. कालवांचे रॅक कमरेएवढ्या पाण्यात चालतात, म्हणजे वेचणीच्या जागेला लागूनच. भांडण होते ते तिथे.

पायरी 2: खाडीचे वर्ष आणि वाडीचे वर्ष शेजारी ठेवून बघा

सगळ्यात जास्त प्रकल्प इथे फसतात आणि अहवालात मात्र कारण 'लाभार्थ्यांचा निरुत्साह' असे लिहिले जाते.

शिणाण्यांचे पीक ऑक्टोबर-नोव्हेंबरात दोराला लागते आणि एप्रिल-मे महिन्यात निघते. पावसात खाडीचे पाणी गोडे होते, म्हणून मधल्या काळातच सगळे उरकावे लागते. आता कातकरी वाडीचे वर्ष बघा. दिवाळीनंतर निम्मी वाडी वीटभट्टीवर किंवा कोळसाभट्टीवर जाते ती पाऊस तोंडावर आल्यावर परतते. पावसाळ्यात घरात दाणा नसतो तेव्हा मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि ती फिटेपर्यंत भट्टी सोडता येत नाही. थोडक्यात, ज्या सात महिन्यांत दोराला पीक असते नेमके त्याच सात महिन्यांत ते पीक राखणारी माणसे गावात नसतात.

यावर तोड आहे, पण ती पैशाची आहे. शेती सुरू व्हायच्या आधीचा पावसाळा पकडा. ज्या कुटुंबांना यायचे आहे त्यांना उचल घ्यावी लागू नये एवढे बिनव्याजी पैसे गटातून किंवा प्रकल्पातून श्रावणाआधी हातात पडले पाहिजेत. त्यानंतर रॅक उभारणे, बी (शिंपल्यांची पिल्ले) दोराला बांधणे, दोर धुणे या प्रत्येक कामाची मजुरी आठवड्याला मिळाली पाहिजे. 'पीक निघाल्यावर वाटून घ्या' हे ज्याच्या घरात दोन महिन्यांचे धान्य आहे त्याला परवडते. प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात ही मजुरी घालता येत नसेल तर शिणाण्यांऐवजी कालवे घ्या. त्यांना रोजचे लक्ष कमी लागते आणि वाडीवर मागे राहणाऱ्या म्हाताऱ्या बायकाही ती सांभाळू शकतात.

पायरी 3: काय वाढवायचे ते ठरवा

पर्याय तीनच धरा. पहिला शिणाणे, म्हणजे हिरव्या कडांचे लांबट शिंपले. वाढ झपाट्याने, महिन्याला साधारण सेंटिमीटरभर. पाच-सहा महिन्यांत 7-8 सेंटिमीटरचे होतात. उकडल्यावर एकूण वजनाच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्शाइतके मांस मिळते. पण पाण्यात खारटपणा हवा, आणि तो टिकून हवा.

दुसरा कालवे. आठ ते बारा महिने लागतात. उन्हात, चिखलात, थोड्या गोड्या पाण्यातही तग धरतात. मात्र शंभर किलो कालवे फोडली तर मांस आठ-दहा किलोच निघते, बाकी सगळे शिंपांचे ओझे. त्यामुळे कालवांचा धंदा वाट्यावर चालवायचा की शिंपेसकट हॉटेलला द्यायचा, हा प्रश्न बी लावण्याच्या आधीच सोडवावा लागतो.

तिसरा पर्याय तिसऱ्या आणि खुबे, म्हणजे वाळू-चिखलात राहणारे शिंपले. माझे मत विचाराल तर इथे शेती हा शब्दच जड आहे, राखण म्हणा. केरळातल्या अष्टमुडी तलावातल्या तिसऱ्यांना 2014 मध्ये शाश्वत मासेमारीचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळाले, भारतातले असे पहिलेच. तिथे ना रॅक होते ना दोर. डिसेंबर ते फेब्रुवारी या प्रजननाच्या काळात बंदी, 30 मिलिमीटरपेक्षा बारीक जाळी नाही, लहान तिसऱ्या परत पाण्यात, आणि हे सगळे पाळले जाते की नाही ते बघणारी स्थानिक समिती, एवढेच होते. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरचे मूळ रहिवासी तर किमान साडेतीन हजार वर्षांपासून ओहोटीच्या रेषेवर दगडांचे बांध घालून शिंपल्यांची पुळण रुंद करत आले आहेत. तुमच्या खाडीत तिसऱ्या चांगल्या असतील तर पहिले वर्ष फक्त राखणीला द्या. खर्च जवळजवळ शून्य, आणि सगळ्यांनी मिळून एखादा नियम पाळता येतो का, हे त्यातूनच कळते. जो गट तीन महिने एक पट्टा राखू शकत नाही त्याच्या रॅकवर पहारा कोण देणार?

पायरी 4: पाणी वर्षभर मोजा

हे कंटाळवाणे आहे, म्हणून टाळले जाते. हातात मावणारा रिफ्रॅक्टोमीटर घ्या. थेंब टाकला, डोळ्याला लावला की खारटपणा दिसतो. समुद्राच्या पाण्यात हजार भागांत साधारण 35 भाग मीठ असते. शिणाण्यांना 27 ते 35 लागतात, कालवांची वाढ 22 च्या वर चांगली होते. दर पंधरवड्याला, एकदा भरतीच्या टोकाला आणि एकदा सुकतीच्या, वरचे आणि तळाचे असे दोन्ही पाणी मोजा. वर गोडे आणि खाली खारे असे थर खाडीत असतातच.

शाळेत गेलेल्या एखाद्या मुलीकडे ही वही द्या. आकडा आणि तिथी शेजारी शेजारी लिहायला सांगा, म्हणजे पुढे मावश्यांनाही ती वाचून दाखवता येते.

खारटपणाखेरीज प्रवाह बघा. पाणी वाहते हवे, कारण कालव असो की शिणाणे, ते जागचे हलत नाहीत; पाण्यातून तरंगत येणारे सूक्ष्म जीव, म्हणजे प्लवंग, गाळून खातात. पण प्रवाह एवढाही नको की खुंट हलावेत. तळाशी पाय रोवला तर ढोपरापर्यंत जात असेल तर खुंट टिकणार नाहीत. वाळूमिश्रित चिखल उत्तम. वाळूउपसा चालू असलेल्या खाडीत तर पाऊलच ठेवू नका. गाळ उडून सगळे बी गुदमरते.

आणि घाण. हे प्राणी पाणी गाळून खातात म्हणजे पाण्यातले जंतू आणि जड धातूही आपल्यात साठवतात. मोठ्या औद्योगिक वसाहतीच्या किंवा बंदराच्या खाली असलेली खाडी कितीही सुपीक दिसली तरी खाण्याच्या शेतीसाठी सोडून द्या. असे सांगताना वाईट वाटते, कारण ज्यांची खाडी अशी बिघडवली गेली त्यांनाच पर्यायी धंद्याची सगळ्यात जास्त गरज असते.

पायरी 5: कागद

पाण्याखालच्या जमिनीचा सातबारा गटाच्या नावे होत नाही. मग हक्क कशावर उभा करायचा?

पहिला दगड वनहक्क कायदा, 2006. त्याच्या कलम 3(1) मध्ये जलाशयांतील मासे आणि इतर उत्पादनांवरचा सामूहिक हक्क स्पष्ट लिहिलेला आहे. महाराष्ट्रात 2005 च्या उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर सरकारी जमिनीवरची बरीच कांदळवने राखीव वन म्हणून घोषित झाली. म्हणजे तिथे पिढ्यान्पिढ्या वेचणाऱ्या कातकरी वाडीला हा कायदा लागू पडू शकतो. सामूहिक हक्काचा दावा ग्रामसभेमार्फत 'ब' नमुन्यात करायचा असतो. अनुसूचित जमातीत नसलेल्या कोळ्यांनाही इतर पारंपरिक वननिवासी म्हणून तीन पिढ्यांचा, म्हणजे 75 वर्षांचा, पुरावा देऊन दावा करता येतो. ती चादर, खडकांची नावे, म्हाताऱ्यांचे जबाब हे सगळे इथे पुरावा म्हणून कामी येते. डोंगरातल्या जमिनीसाठी हा कायदा पुष्कळ वापरला गेला, खाडीसाठी फारच थोडा.

त्यानंतर परवानग्या. 2019 च्या सीआरझेड (किनारा नियमन क्षेत्र) अधिसूचनेत कांदळवन सर्वांत कडक वर्गात येते, आणि हजार चौरस मीटरहून मोठ्या कांदळवनाभोवतीचा 50 मीटरचा पट्टाही संरक्षित आहे. तिथे झाड तोडून खुंट करणे तर दूरच, वाट पाडायचीही नाही. होड्यांच्या मार्गासाठी महाराष्ट्र मेरीटाइम बोर्डाला आणि मत्स्यव्यवसाय खात्याच्या जिल्हा कार्यालयाला लेखी कळवा. 2023 च्या दुरुस्तीनंतर तटीय जलकृषी प्राधिकरणाच्या कायद्यात शिंपलेशेतीही आली आहे, त्यामुळे नोंदणीचे त्यांच्याकडे विचारून घ्या. मालवण परिसरात असाल तर 1987 मध्ये घोषित झालेल्या सागरी अभयारण्याची हद्द आधी तपासा.

पैशासाठी दोन दारे ठोठावता येतात. कांदळवन प्रतिष्ठानमार्फत 2017 पासून राबवल्या जाणाऱ्या कांदळवन संरक्षण व उपजीविका योजनेत गटाला 90 टक्के आणि एकट्या व्यक्तीला 75 टक्के अनुदान ठरवलेले आहे आणि कालवे-शिंपल्यांची शेती त्यात बसते. 2020 मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना 60 टक्के मिळतात. अनुदानाचा हप्ता तिथी बघून येत नाही, एवढे लक्षात ठेवा. नोव्हेंबरचे बी फेब्रुवारीच्या पैशातून घेता येत नाही, म्हणून पहिल्या हंगामाचा खर्च हाताशी असेल एवढाच आवाका ठेवा.

पायरी 6: रॅक आणि बी

पहिल्या वर्षी पाच बाय पाच मीटरचे एकच रॅक. दोन नाही. जाड बांबूचे किंवा सुरूचे खुंट दीड-दोन मीटर अंतरावर निदान मीटरभर खोल रोवा, त्यावर आडवे बांबू नायलॉनच्या दोरीने बांधा. आडवा बांबू सुकतीत पाण्याच्या किंचित वर राहावा. खुंट सुकतीला, तेही मोठ्या सुकतीला रोवायचे. डोल लावणारे कोळी हे काम झोपेतही करतील, त्यांना मजुरी देऊन बोलवा. लाकडाला डांबर किंवा बोटीचा विषारी रंग फासू नका, ते विष शिंपल्यांत उतरते. खाडीतले किडे बांबू पोखरतातच. एक-दोन हंगाम टिकला तर पुष्कळ. चारही कोपऱ्यांना रात्री दिसेल अशी खूण बांधा, नाहीतर एखादा मचवा आत घुसेल.

अशा रॅकवर मीटरभर लांबीचे शंभर दोर बसतात. 12 ते 14 मिलिमीटर जाडीचा नायलॉन दोर घ्या आणि दर वीतभर अंतरावर गाठ मारा, म्हणजे शिणाण्यांचा घड खाली घसरत नाही.

शिणाण्यांचे बी पावसाळा सरता सरता खडकांवर दिसू लागते. दीड ते अडीच सेंटिमीटरचे उचला. मीटरभर दोराला अर्धा ते पाऊण किलो, म्हणजे एका रॅकला 50 ते 75 किलो बी लागेल. मच्छरदाणीच्या सुती कापडाची वीत-सव्वा वीत रुंद पट्टी पसरा, तिच्यावर बी सारखे पसरा, मधोमध दोर ठेवा आणि पट्टी गुंडाळून शिवून टाका. शिणाण्याला रेशमासारखे धागे असतात; त्यांनी ते दोर धरते. थोड्याच दिवसांत कापड कुजून गळते, तोवर बीने पकड घेतलेली असते. नायलॉनची जाळी वापरली तर ती कुजत नाही आणि बी आतच घुसमटते. ही चूक आम्ही स्वतः केली आहे, 'मजबूत' माल आणल्याच्या आनंदात. बी काढणे, शिवणे आणि पाण्यात सोडणे एकाच दिवसात, सावलीत, ओल्या गोणपाटाखाली उरका. दोराचे खालचे टोक तळापासून हातभर वर राहिले पाहिजे, नाहीतर खेकडे दोरावरून चढून जेवायला येतात.

खडकावरचे बी कुणाच्या तरी उद्याच्या वाट्यातले असते हेही विसरू नका. केरळात शिणाण्यांची शेती वाढली तेव्हा बीवरून वेचणारे आणि शेती करणारे यांच्यात तंटे झाले होते. कातळाचे तीन भाग करा, दर वर्षी एकाच भागातून बी घ्या, आणि बी काढायची मजुरी त्याच खडकावर वेचणाऱ्या बायकांना द्या.

कालवांचे गणित वेगळे. कालवाचे पिल्लू दोन-तीन आठवडे पाण्यात तरंगते आणि एकदाच, कायमचे चिकटते. ते उचलून दुसरीकडे लावता येत नाही. म्हणून त्याला चिकटायला जुन्या शिंपा द्याव्या लागतात. कालवांच्या रिकाम्या शिंपा धुऊन, उन्हात वाळवून, मधोमध भोक पाडून दोरीत ओवा: बी पकडताना मीटरला दहा-पंधरा शिंपा अगदी लगोलग, आणि बी लागल्यावर त्याच शिंपा वीतभर अंतराने पुन्हा ओवायच्या, मीटरला पाचेक. कधी टांगायच्या ते पुस्तकात शोधू नका. दर पंधरा दिवसांनी दोन-तीन माळा नमुन्यादाखल सोडा, पुढच्या खेपेला बाहेर काढून शिंपेवरचे ठिपके मोजा. आकडा एकदम चढला की सगळ्या माळा सोडा. फार आधी टांगल्या तर शिंपांवर गाळ आणि बारीक कवची जीव बसतात, मग कालवाला जागाच उरत नाही.

पायरी 7: राखण

आठवड्यातून एकदा दोर वर उचलून पाण्यात हिसडायचे, गाळ झडतो. चढलेले शेवाळ आणि बारीक कवची जीव काढायचे, खेकडे आणि शंखगोगलगायी वेचून बाजूला करायच्या. खेकडा घरच्या कालवणाला. दोन-अडीच महिन्यांनी शिणाण्यांचे घड जड होऊन सुटू लागतात. तेव्हा विरळणी करून निघालेले नव्या दोराला बांधा.

हाताला चामड्याचे किंवा जाड रबरी मोजे आणि पायात बूट हवेतच. कालवाची कड ब्लेडसारखी कापते आणि खाऱ्या पाण्यातली जखम चिघळते. अनवाणी काम करायची सवय असलेल्या बायका यावर हसतात. हसू द्या, पण धनुर्वाताचे इंजेक्शन सगळ्यांना द्या.

चोरी होईल. रॅकजवळच्या जाळेवाल्याला पिकात हिस्सा दिला तर तो पगारी पहारेकऱ्यापेक्षा चोख राखतो.

पायरी 8: काढणी, शुद्धीकरण, विक्री

मिरगाची वाट बघू नका. वळीव झाला आणि डोंगराचे पाणी खाडीत उतरले की शिणाण्यांचे दोर चार दिवसांत रिकामे होऊ शकतात. होड्या शाकारायच्या आधी, मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात शेवटचा दोर बाहेर हवा. दोराला सहा ते दहा किलो आले तर एका रॅकचे सहाशे ते हजार किलो होतात. एवढे एका दिवशी निघाले तर भाव पडतो, म्हणून मार्चच्या शेवटापासून मोठे-मोठे निवडून काढत राहा.

काढलेला माल थेट बाजारात नेऊ नका. भरतीच्या टोकाला खाडीच्या मुखाजवळचे पाणी भरून ते वाळू-कापडातून गाळा, जमल्यास अतिनील दिव्याखालून घ्या. शिंपले जाळीच्या ट्रेमध्ये तळापासून उचलून ठेवा, हवेचा पंप चालू ठेवा आणि निदान चोवीस तास उपाशी राहू द्या. पोटातला गाळ आणि बरेचसे जंतू तळाला पडतात. तो तळ ढवळू नका आणि मध्येच नवा माल त्यात टाकू नका. युरोपात 100 ग्रॅम मांसात 230 पर्यंत ई-कोलाय (विष्ठेतून येणारे जंतू) असलेल्या पाण्यातला मालच थेट विकता येतो, त्यापुढे शुद्धीकरण सक्तीचे. आपणही महिन्यातून एकदा प्रयोगशाळेचा अहवाल घ्यावा. चांगले हॉटेल तो मागतेच.

पण या टाकीने सगळे धुऊन निघत नाही. जड धातू जात नाहीत, आणि विषारी प्लवंगांचे विष तर उकळूनही जात नाही. 1997 मध्ये केरळातल्या विळिंजमला असे शिंपले खाऊन सात जण दगावले होते. पाण्याला लाल-तपकिरी रंग चढला, मासे मरून वर आले, की विक्री बंद आणि मत्स्य खात्याला फोन. मोठा अवकाळी पाऊस झाला तरी काही दिवस काढणी थांबवा.

विक्री बी लावण्याआधी ठरवा, असे वर म्हटले ते पुन्हा सांगतो. नाक्यावरचा वाटा हा रोख आणि खात्रीचा बाजार आहे, त्याला कमी लेखू नका. पण सहाशे किलो तो पचवत नाही. पर्यटकांच्या खानावळी, घरगुती मुक्काम देणारी घरे, गोव्याकडचे व्यापारी यांच्याशी जानेवारीतच बोला. केरळातल्या पडन्ना भागात नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या मार्गदर्शनाने बायकांचे गट शिणाण्यांच्या शेतीत उतरले आणि टिकले. तिथे शिणाणे रोजच्या जेवणात होतेच. तुमच्या तालुक्यात ते कोण खाते याचा शोध तुम्हाला स्वतःलाच घ्यावा लागेल.

पैसे वाटताना वही सगळ्यांसमोर उघडी ठेवा आणि आकडे मोठ्याने वाचा. आधी मजुरीची बाकी, मग पुढच्या पावसाळ्यातली उचल टाळण्याचा निधी, मग पुढच्या हंगामाचे दोर-बांबू, आणि उरले ते हिश्शांनी. गटातल्या कुणाचा नवरा किंवा गावचा पुढारी 'हिशेब मी बघतो' म्हणाला तर त्याला रॅकवर पहाऱ्याला पाठवा.

फोडलेल्या कालवांच्या शिंपांचा ढीग मात्र कुणाला देऊ नका. चुनेवाला मागायला येईल, कुणी कोंबड्यांसाठी मागेल. त्या शिंपा घराच्या पडवीत, पागोळ्यांखाली नाही, कोरड्यात रचून ठेवा. भट्टीवरून माणसे परतलेली असतात, बाहेर पाऊस असतो, हाताला काम नसते. खिळा आणि हातोडी घेऊन शिंपांना भोके पाडायला हेच दिवस बरे.